विरळ वायूची साक्ष : प्रस्तावना

दूरच्या दीर्घिकांची देखणी छायाचित्रे गेल्या काही दशकांत मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाची झाली आहेत, आणि ती पाहून विश्व म्हणजे काळोखात विखुरलेल्या दीर्घिका आणि त्यांच्या मधोमध निव्वळ पोकळी, असा समज सहजच रुजतो. वस्तुस्थिती याच्या जवळजवळ उलट आहे. ज्या अणूंपासून माती, पाणी, हवा आणि प्राणिमात्रांची शरीरे घडली आहेत त्या साध्या द्रव्याचा विश्वभरातला हिशेब मांडला, तर दीर्घिकांमधील तारे आणि थंड वायू मिळून त्यातला जेमतेम दहावा हिस्सा भरतो. उरलेले बहुतेक द्रव्य दीर्घिकांच्या भोवती आणि दोन दीर्घिकांच्या दरम्यानच्या अफाट अंतरात वायुरूपाने पसरलेले आहे. एखाद्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाच्या पकडीत राहून तिला वेढणाऱ्या वायूला परिदीर्घिकीय वायू म्हणतात, आणि त्याहून दूरच्या, कोणत्याही एका दीर्घिकेचा म्हणता येणार नाही अशा वायूला आंतरदीर्घिकीय वायू म्हणतात. परंतु या दोहोंमधली हद्द शेताच्या बांधासारखी आखलेली नसते, एकातून दुसऱ्यात द्रव्याची ये-जा अब्जावधी वर्षे चालू असते, आणि ही ये-जा हाच प्रस्तुत पुस्तकाचा खरा विषय आहे.

या वायूच्या विरळपणाची कल्पना आकड्यांशिवाय येत नाही. जमिनीलगतच्या एक घनमीटर हवेत सुमारे २५ वर २४ शून्ये इतके रेणू असतात. विश्वातील सगळे साधे द्रव्य सारखे पसरून टाकले, तर चार घनमीटर जागेत हायड्रोजनचा सरासरी एक अणू येईल. दीर्घिकांच्या जवळ हे प्रमाण शेकडो पटींनी, कधी त्याहूनही अधिक वाढते, तरीही पृथ्वीवरील प्रयोगशाळेत साधलेली उत्तमातली उत्तम निर्वात जागा त्या वायूच्या तुलनेत दाटच ठरते. अशा वायूने स्वतः प्रकाश द्यावा ही अपेक्षा फारशी फलदायी होत नाही, कारण वायूतून बाहेर पडणारा प्रकाश बहुतांशी दोन कणांच्या गाठीभेटीतून निर्माण होतो आणि म्हणून तो घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो किंवा घटतो. घनता शंभरपट कमी झाली की उजेड दहा हजार पटींनी मंदावतो. शोषणाचे गणित मात्र निराळे आहे. मागून येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत किती अणू आडवे आले, एवढाच प्रश्न तेथे असतो, आणि वाट लाखो प्रकाशवर्षे लांब असेल तर विरळ वायूतही पुरेसे अणू आडवे येतात. त्यामुळे या शास्त्रातला बहुतेक पुरावा दिसलेल्या वस्तूचा नसून नाहीशा झालेल्या प्रकाशाचा आहे, आणि तो वाचण्याचे साधन म्हणजे वर्णपटाचा अभ्यास.

वर्णपट म्हणजे प्रकाश त्याच्या निरनिराळ्या तरंगलांबींत, म्हणजे स्थूलमानाने रंगांत, विभागून मांडलेला पट. अणूतील इलेक्ट्रॉनला ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्यांवरच राहता येते. एका पायरीवरून वरच्या पायरीवर जाताना तो नेमक्या तेवढ्याच ऊर्जेचा, म्हणजे नेमक्या एका तरंगलांबीचा प्रकाश गिळतो, आणि खाली येताना तोच प्रकाश परत देतो. पहिल्या प्रकारात पटावर काळी शोषणरेषा उमटते, दुसऱ्यात उजळ उत्सर्जनरेषा. पायऱ्यांची मांडणी प्रत्येक मूलद्रव्याची स्वतःची असल्यामुळे रेषांच्या जागांवरून मूलद्रव्य ओळखता येते, हे किरखोफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० मध्ये प्रयोगाने दाखवून दिले, आणि आज ही ओळख इतकी सर्वसामान्य झाली आहे की तिचा वापर कुठे कुठे होतो हे वापरणाऱ्यालाही ठाऊक नसते.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांचेच उदाहरण घेता येईल. निरेच्या खोऱ्यात कालव्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षे ऊस घेतल्याने अनेक गावांच्या जमिनी पाणथळ, क्षारपड आणि चोपण झाल्या आहेत; चोपण म्हणजे जिच्यात सोडियमचे प्रमाण बेसुमार वाढले आहे अशी, पाऊस पडला की चिकट आणि वाळली की दगडासारखी होणारी जमीन. सांगवीसारख्या गावातला शेतकरी मातीचा नमुना घेऊन बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी जातो, तेव्हा तेथे ती माती वाळवून, चाळून, अमोनियम ॲसिटेटच्या द्रावणात घुसळून गाळली जाते आणि ते गाळलेले पाणी बारीक फवाऱ्याने गॅसच्या ज्योतीत सोडले जाते. ज्योतीत सोडियम असेल तर तो ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा प्रकाश देतो, पोटॅशियम ७६६ नॅनोमीटरच्या आसपासचा गर्द लाल. मधल्या गाळणीतून हवा तेवढाच रंग पुढे जातो, त्याची प्रखरता मोजली जाते आणि माती परीक्षणाच्या कागदावर सोडियमचा आणि पालाशाचा आकडा उमटतो. या उपकरणाला फ्लेम फोटोमीटर म्हणतात, आणि त्याची सगळी करामत वर्णपटाचीच आहे. सोडियमच्या त्याच पिवळ्या जोडरेषा १९१९ मध्ये मेरी ली हेगर या अमेरिकन संशोधिकेने काही जोडताऱ्यांच्या वर्णपटांत काळ्या रूपात पाहिल्या, आणि तारे एकमेकांभोवती फिरत असल्याने त्यांच्या स्वतःच्या रेषा मागेपुढे सरकत असताना या रेषा मात्र जागच्या हलत नव्हत्या. त्यापूर्वी १९०४ मध्ये योहानेस हार्टमान यांनी मृग नक्षत्रातील बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी एकाच्या वर्णपटात कॅल्शियमची अशीच न हलणारी रेषा नोंदवली होती. रेषा ताऱ्याबरोबर हलत नाही, याचा अर्थ तो वायू ताऱ्याचा नव्हे, तारा आणि पृथ्वी यांच्या दरम्यानचा. ताऱ्यांमधल्या जागेत वायू आहे हे ज्ञान इतक्या साध्या, पण निर्विवाद निरीक्षणातून आले.

पुणे परिसराचा या विद्येशी संबंध त्याहूनही जुना आहे आणि मराठीत त्याची नोंद व्हावी तशी झालेली नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेत, कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून १८८८ मध्ये वेधशाळा उभी केली, आणि तेथे २० इंची आरशाची, त्या काळी भारतात सर्वांत मोठी असलेली दुर्बीण बसवली. मृग नक्षत्रातील तेजोमेघाचा वर्णपट हा त्यांच्या पहिल्या अभ्यासांपैकी एक होता. या तेजोमेघाच्या पटात एक ठळक हिरवी रेषा दिसे आणि ती कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नसे. इंग्लंडमधील ख्यातनाम खगोलज्ञ नॉर्मन लॉकियर यांच्या मते ती मॅग्नेशियमच्या एका रुंद पट्ट्याची कड होती. पट्ट्याची कड एका बाजूला पुसट होत जायला हवी. नायगामवालांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत ही रेषा कोणत्याही परिस्थितीत दोन्ही बाजूंनी रेखीवच दिसली, आणि लॉकियर यांच्या तर्काला पुण्यातून छेद गेला. पारतंत्र्याच्या काळात एका हिंदी अध्यापकाने साम्राज्याच्या राजधानीतील शास्त्रज्ञाचे म्हणणे निव्वळ रेषेच्या कडांवरून नाकारावे, ही गोष्ट आजही कौतुकाने सांगण्यासारखी आहे.

त्यानंतर २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून देशावर आला, तेव्हा नायगामवाला आपली उपकरणे घेऊन जेऊर येथे गेले. जेऊर हे रेल्वे स्थानक इंदापूर तालुक्याच्या समोर, भीमेच्या पैलतीरावरील करमाळा तालुक्यात आहे. आज या दोहोंच्या मध्ये उजनीचे पाणी पसरलेले आहे. त्याच ठिकाणी कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेची मोहीम डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्बेल यांच्या नेतृत्वाखाली उतरली होती, आणि लॉकियर स्वतः विजयदुर्गावर तळ देऊन होते. येथे एका लोकप्रिय गैरसमजाचा निरास करणे भाग आहे. लॉकियर यांनी १८६८ च्या ग्रहणात विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला असे महाराष्ट्रात सर्रास सांगितले जाते आणि त्या दिवसाचा सोहळाही साजरा होतो. प्रत्यक्षात १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाचे वेध फ्रेंच खगोलज्ञ झान्सेन यांनी गुंटूरहून, तर लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानातून घेतले, आणि लॉकियर यांनी हेलियमची ती पिवळी, सोडियमच्या जोडरेषांना अगदी लागून असलेली रेषा ग्रहणाविना, २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमध्येच मोजली. विजयदुर्गावर ते आले ते तीस वर्षांनी. किल्ल्याचे महत्त्व त्यामुळे तसूभरही कमी होत नाही, पण शास्त्राच्या इतिहासात तारखेला तारीखच म्हणावी लागते.

जेऊरच्या माळावर खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटे टिकली. तेवढ्या वेळात टिपायचे होते ते सूर्याभोवतीचे प्रभामंडल, म्हणजे सूर्यबिंब पूर्ण झाकले गेल्यावरच दिसणारे, अतिशय विरळ वायूचे फिकट तेजोवलय. या प्रभामंडलाच्या वर्णपटातही एक हिरवी रेषा होती आणि तीही कोणत्या मूलद्रव्याची हे कोणालाच उलगडले नव्हते. जवळजवळ तीन दशके तिची जागा ५३१.७ नॅनोमीटर धरली जात होती, ती प्रत्यक्षात ५३०.३ नॅनोमीटर आहे हे १८९८ च्या ग्रहणातील छायाचित्रांवरून ठरले. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश भाग. त्याच्या दीडपटीहूनही कमी असा हा फरक क्षुल्लक वाटला, तरी चुकीच्या जागेवर उभी असलेली रेषा ओळखण्याचा प्रत्येक प्रयत्न फसणारच होता.

तेजोमेघातली हिरवी रेषा आणि प्रभामंडलातली हिरवी रेषा या दोन्हींसाठी त्या काळी ‘नेब्युलियम’ आणि ‘कोरोनियम’ अशी दोन नवी मूलद्रव्ये कल्पिली गेली आणि दोन्ही कल्पना पुढे मोडीत निघाल्या. आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवले की तेजोमेघातली रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या साध्या ऑक्सिजनची आहे. ग्रोट्रियन आणि एडलेन यांनी १९४० च्या आसपास दाखवले की प्रभामंडलातली रेषा तब्बल तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे. या रेषा प्रयोगशाळेत का दिसत नव्हत्या, याचे उत्तर विरळपणातच होते. इलेक्ट्रॉनच्या काही उड्या इतक्या दुर्मिळ असतात की त्या घडायला अणूला कित्येक सेकंद निवांत राहावे लागते, आणि दाट वायूत शेजारचे कण त्याला तेवढी उसंत देत नाहीत; विरळ वायूत मात्र ती मिळते. तेरा इलेक्ट्रॉन गळून पडण्यासाठी तापमान दहा लाख अंशांच्या घरात असावे लागते, हा दुसरा निष्कर्ष अधिक धक्कादायक होता, कारण सूर्याचा पृष्ठभाग जेमतेम साडेपाच हजार अंश सेल्सियसचा आहे. विरळ वायू थंडच असला पाहिजे ही समजूत येथे संपली.

याच धाग्याचे पुढचे टोक दीर्घिकांपर्यंत जाते. आकाशगंगेच्या पातळ तबकडीपासून बऱ्याच उंचीवर थंड वायूचे ढग आढळतात. ते विखरून का जात नाहीत, या प्रश्नाचा विचार करताना लायमन स्पिट्झर यांनी १९५६ मध्ये असे मांडले की, सूर्याप्रमाणे आकाशगंगेलाही सुमारे दहा लाख अंश तापमानाचे विरळ प्रभामंडल असावे आणि त्याच्या दाबामुळे हे ढग एकसंध राहत असावेत. पाच इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या अतिनील रेषांवरून त्याचा माग लागेल, हा त्यांचा अंदाजही पुढे अवकाशातील दुर्बिणींनी खरा ठरवला. २००९ मध्ये हबल दुर्बिणीवर बसवलेल्या अतिनील वर्णपटमापकाने इतर दीर्घिकांभोवतीही हा ऑक्सिजन लाखो प्रकाशवर्षांपर्यंत पसरलेला दाखवला. तारे ज्याला जन्म देतात तो ऑक्सिजन दीर्घिकेबाहेर इतक्या दूर कसा पोचला, हा प्रश्न त्यातूनच उभा राहिला.

शोषणरेषा दिसण्यासाठी मागे एक प्रखर दिवा हवा, आणि तो दिवा १९६३ मध्ये सापडला. मार्टेन श्मिट यांनी त्या वर्षी ओळखलेले क्वेसार म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांची, महाकाय कृष्णविवराभोवतीच्या वायूमुळे विलक्षण तेजस्वी झालेली केंद्रे. विश्वाच्या प्रसरणामुळे दूरच्या प्रकाशाची तरंगलांबी ताणली जाते. या ताणाला ताम्रसृती म्हणतात, आणि ताम्रसृती ३ असेल तर मूळ तरंगलांबी चौपट होऊन पृथ्वीवर पोचते. हायड्रोजनची सर्वांत प्रबळ रेषा, जिला लायमन-आल्फा म्हणतात, ती १२१.६ नॅनोमीटरवर, म्हणजे वातावरण ओलांडू न शकणाऱ्या अतिनील भागात आहे; पण ताम्रसृती ३ च्या क्वेसारमध्ये ती ४८६ नॅनोमीटरवर, डोळ्यांना दिसणाऱ्या निळसर हिरव्या भागात येते. क्वेसारचा प्रकाश वाटेत निरनिराळ्या अंतरांवरील हायड्रोजनमधून जातो, प्रत्येक ठिकाणच्या वायूची ताम्रसृती वेगळी असते, आणि म्हणून एकाच रेषेच्या शेकडो प्रती पटावर ओळीने उमटतात. रॉजर लिंड्स यांनी १९७१ मध्ये ज्याचा उलगडा केला त्या या दाट रेषासमूहाला लायमन-आल्फा अरण्य असे नाव पडले. त्याआधीच १९६५ मध्ये गन आणि पीटरसन यांनी असा युक्तिवाद केला होता की, दरम्यानची जागा उदासीन, म्हणजे इलेक्ट्रॉन शाबूत असलेल्या हायड्रोजनने भरलेली असती, तर रेषांच्या ऐवजी सलग काळोखच दिसला असता. तो दिसत नाही, म्हणजे जवळजवळ सगळा हायड्रोजन आयनीभूत, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला, आहे आणि जे अरण्य दिसते ते लाखात एखाद्या शिल्लक अणूचे आहे. हा वायू कोणाच्या प्रकाशाने आयनीभूत झाला, याचा शोध आजही चालू असून कनक साहा यांच्या नेतृत्वाखालील चमूने २०२० मध्ये ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाच्या साहाय्याने ९ अब्ज वर्षांहून जुन्या एका दीर्घिकेतून निसटणारा असा तीव्र अतिनील प्रकाश टिपला, हा त्या शोधातलाच एक टप्पा.

साहा ज्या संस्थेत काम करतात ती आयुका, म्हणजे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र, जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झाली, आणि क्वेसारच्या शोषणरेषा हा तेथील एक ठळक विषय झाला. त्यातील एक काम थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. रघुनाथन श्रीआनंद यांनी पॅट्रिक पेतिज्याँ आणि सेद्रिक लेदू या सहकाऱ्यांसह चिलीतील व्हीएलटी दुर्बिणीने एका क्वेसारचा अतिशय बारकाईचा पट घेतला. वाटेतल्या एका ढगाची ताम्रसृती २.३४ होती, म्हणजे तो सुमारे ११ अब्ज वर्षांपूर्वीचा ढग होता. त्या ढगातील कार्बनच्या अणूची सर्वांत खालची पायरी प्रत्यक्षात तीन अगदी जवळजवळच्या पायऱ्यांची बनलेली असते, आणि त्यांच्यावर अणू कोणत्या प्रमाणात वाटले गेले आहेत हे भोवतालच्या उष्णतेवर ठरते. महास्फोटाचे अवशेष म्हणून विश्वभर भरून राहिलेले सूक्ष्मतरंग प्रारण आज २.७ केल्विनचे आहे. विश्व प्रसरण पावत थंड होत आले असेल, तर त्या काळी ते ९.१ केल्विन असले पाहिजे. कार्बनच्या रेषांची परस्परांशी तुलना करून, आणि त्याच ढगातील हायड्रोजनच्या रेणूंवरून टकरी व ताऱ्यांचा प्रकाश यांचा वाटा वजा करून, या तिघांनी २००० मध्ये त्या ढगाजवळचे प्रारण ६ ते १४ केल्विनच्या दरम्यान असल्याचे दाखवले. पुढे २००८ मध्ये दुसऱ्या ढगातील कार्बन मोनॉक्साइडवरून हीच मोजणी कितीतरी नेमकी झाली. जेथे कोणताही तापमापक कधी पोचणार नाही अशा ठिकाणचे आणि काळाचे तापमान तीन रेषांच्या खोलीवरून काढणे, हे या विद्येचे सामर्थ्य आहे.

तिच्या मर्यादाही पुण्याच्याच कामातून दिसतात. विद्युत्चुंबकीय बलाची ताकद ठरवणारा सूक्ष्मरचना स्थिरांक प्राचीन काळी किंचित वेगळा होता, असा दावा जॉन वेब आणि सहकाऱ्यांनी हवाई बेटांवरील केक दुर्बिणीच्या पटांवरून १९९९ पासून केला होता. श्रीआनंद, हुम चंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये व्हीएलटीचे पट तपासून असा बदल आढळत नाही असे जाहीर केले, आणि त्यावर त्यांनी त्रुटीची मर्यादा फार कमी धरल्याचा आक्षेप प्रतिपक्षाने घेतला. पुढे आयुकातील हादी रहमानी आणि सहकाऱ्यांनी लघुग्रहांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाचे पट वापरून खुद्द वर्णपटमापकाचीच मोजपट्टी पटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे किंचित सरकते असे दाखवले. वाद जिंकण्याहरण्यापेक्षा ही तपासणी अधिक मोलाची होती असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, कारण त्यानंतर दोन्ही बाजूंच्या जुन्या आकड्यांकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. या पुस्तकात या वादासाठी एक पूर्ण प्रकरण दिले आहे, ते त्यामुळेच.

प्रकाशाप्रमाणेच रेडिओ लहरींतही हायड्रोजनची एक रेषा आहे, ती २१ सेंटिमीटर तरंगलांबीची. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला, नारायणगावजवळच्या खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या जीएमआरटी दुर्बिणीने ही रेषा दूरच्या दीर्घिकांत शोधली जाते. एकेका दीर्घिकेचा संकेत इतका क्षीण असतो की तो गोंगाटातून वेगळा निघत नाही. म्हणून आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकमेकांवर रचून त्यांची सरासरी काढली आणि सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधील उदासीन हायड्रोजनचे मापन २०२० मध्ये प्रसिद्ध केले. त्या दीर्घिकांत ताऱ्यांच्या एकूण वस्तुमानाइतकाच जवळपास वायू होता, तरीही ज्या वेगाने तेथे तारे जन्मत होते त्या वेगाने तो एक ते दोन अब्ज वर्षांतच संपला असता. बाहेरून भर पडल्याशिवाय ताऱ्यांची निर्मिती टिकणार नव्हती, आणि ती भर घालण्याजोगा साठा परिदीर्घिकीय आणि आंतरदीर्घिकीय वायूचाच आहे. दक्षिण आफ्रिकेतील मीरकॅट दुर्बिणीवर आयुकाच्या नीरज गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली चालणारे शोषणरेषांचे सर्वेक्षण दीर्घिकांमधल्या आणि त्यांच्या भोवतीच्या थंड वायूचा माग रेडिओ लहरींतूनच घेते.

सगळे साधे द्रव्य खरोखरच या वायूत आहे का, ही शंका बराच काळ राहिली, कारण शोषणरेषांवरून काढलेला हिशेब महास्फोटाच्या गणिताशी जुळत नव्हता; सुमारे तिसरा हिस्सा गहाळ होता. अतिशय उष्ण वायूत हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन पूर्ण गळून गेलेले असतात आणि म्हणून तो रेषा देतच नाही, हे त्याचे मुख्य कारण. ऑस्ट्रेलियातील ॲसकॅप दुर्बिणीने पकडलेल्या क्षणिक रेडिओ स्फोटांनी ही अडचण दूर केली: वाटेतील मोकळे इलेक्ट्रॉन रेडिओ लहरींना तरंगलांबीनुसार कमी-अधिक उशीर लावतात, त्या उशिरावरून वाटेतले सगळे इलेक्ट्रॉन मोजता येतात, आणि ज्याँ-पिएर मकार व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये केलेली ही मोजणी अपेक्षित आकड्याशी जुळली. मात्र हा उशीर केवळ एकूण संख्या सांगतो; तो वायू किती तापलेला, त्यात कार्बन-ऑक्सिजन किती, तो कोणत्या दिशेला चालला आहे, हे पुन्हा रेषांनाच विचारावे लागते.

वाचकाकडून या पुस्तकासाठी बारावीपर्यंतच्या भौतिकशास्त्राहून अधिक तयारीची अपेक्षा नाही. दुसऱ्या आणि पाचव्या प्रकरणातील गणित पहिल्या वाचनात वगळले तरी पुढचे समजण्यास अडचण येणार नाही. एक गोष्ट मात्र आरंभीच ध्यानात ठेवावी. क्वेसारच्या उजेडात वायूचा केवळ एका रेषेवरचा छेद दिसतो, आणि रेषेच्या सरकण्यावरून वायूचा जो वेग कळतो तो त्या दिशेपुरताच असतो. ढग दीर्घिकेच्या अलीकडे आहे की पलीकडे हे माहीत नसेल, तर एकच वेग आत येणाऱ्या वायूचाही असू शकतो आणि बाहेर फेकल्या जाणाऱ्याचाही. यावर उपाय म्हणून खुद्द दीर्घिकेलाच मागचा दिवा मानून तिच्या समोरचा वायू पाहतात, कारण तेथे पृथ्वीकडे येणारा वायू दीर्घिकेबाहेर चाललेला आणि दूर जाणारा वायू आत शिरणारा असतो, यात शंका उरत नाही. सोडियम आणि मॅग्नेशियमच्या रेषांनी या रीतीने पाहिलेल्या दीर्घिकांत बाहेर चाललेला वायू वारंवार आढळतो, आत शिरणारा मात्र फारच थोड्या ठिकाणी. खोडदच्या मापनाप्रमाणे भर पडल्याशिवाय दीर्घिकांचे भागत नाही, आणि रेषांमध्ये ती भर क्वचितच हाती लागते. येणारा वायू अरुंद प्रवाहांतून येत असल्याने बहुतेक दृष्टिरेषा त्याला चुकवतात, की तो अजून जड मूलद्रव्ये न मिसळलेला असल्याने सोडियम-मॅग्नेशियमच्या रेषांत उमटतच नाही, यावर अभ्यासकांचे एकमत झालेले नाही, आणि पुस्तकाची शेवटची दोन प्रकरणे याच प्रश्नाला वाहिलेली आहेत.